मुदत नसलेली कामे आणि प्राध्यापकाचे शील

प्रश्न थोडक्यात असा आहे. विद्यापीठात कायम पदावर रुजू होऊन काही वर्षे झालेल्या एका प्राध्यापकांना स्वतःत झालेला बदल खुपतो आहे. सहकाऱ्याने वाचायला दिलेला मसुदा आठवडेच्या आठवडे पडून राहतो, विभागातील चर्चासत्रात ते मागच्या बाकावर बसून ई-मेल उरकतात, संशोधक विद्यार्थ्याच्या प्रकरणावर ‘ठीक आहे, पुढे चला’ एवढेच लिहून मोकळे होतात, आणि कोणी दारात डोकावले की त्यांची नजर आधी घड्याळाकडे जाते. विभागातील एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात की हा शीलाचा प्रश्न आहे, कामे पूर्वीही होतीच. बरोबरीचे सहकारी म्हणतात की हा निव्वळ तासांचा हिशेब आहे, कार्यभार हलका झाला की सगळे पूर्ववत होईल. यांपैकी खरे काय आणि त्यावर करायचे काय, असे त्यांनी विचारले आहे.

अध्यापन, विभागप्रमुखपद आणि निवड व पदोन्नती समित्यांचे काम अशा तिन्ही बाजूंनी हा विषय मी बराच काळ पाहत आले आहे, आणि मला दोन्ही उत्तरे अर्धवट वाटतात. ज्येष्ठांचे चुकते ते कारणाविषयी आणि तुमच्या समवयस्कांचे चुकते ते परिणामाविषयी. घाई माणसाला थेट वाईट करत नाही. ती एवढेच करते, की ज्या कामांना मुदत असते ती पुढे येतात आणि ज्यांना नसते ती मागे पडतात. अडचण अशी, की आपण ज्याला प्राध्यापकाचे शील म्हणतो आणि ज्याला सहकारभाव म्हणतो, ते जवळजवळ सगळेच्या सगळे मुदत नसलेल्या कामांनी बनलेले असते. ही कामे पुष्कळ दिवस मागे पडत राहिली की ती करण्याची सवयच सुटते, आणि मग वेळ मिळाला तरी ती सवय आपोआप परत येत नाही.

घाई आणि सद्वर्तन यांच्या संबंधाविषयी बोलायचे तर जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या मानसशास्त्रज्ञांचा १९७३ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग टाळता येत नाही. प्रिन्स्टन येथील धर्मशास्त्र विद्यालयाचे ४० विद्यार्थी त्यात सहभागी होते. प्रत्येकाला एक छोटे भाषण देण्यासाठी एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत पाठवण्यात आले, आणि वाटेत एका दाराशी मान खाली घालून खोकत, कण्हत बसलेला एक माणूस दिसेल अशी व्यवस्था केली होती. काहींना सांगितले होते की अजून अवकाश आहे, काहींना सांगितले होते की आता निघावे, आणि काहींना सांगितले होते की उशीर झालाच आहे, तिकडे तुमची वाट पाहत आहेत. घाई नसलेल्यांपैकी ६३ टक्क्यांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारे मदत देऊ केली, मध्यम घाईतल्यांपैकी ४५ टक्क्यांनी, आणि फार घाईत असलेल्यांपैकी अवघ्या १० टक्क्यांनी. निम्म्या विद्यार्थ्यांच्या भाषणाचा विषय वाटेत घायाळ पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या शोमरोनी माणसाची बायबलमधील कथा हाच होता, तरीही विषयामुळे लक्षणीय फरक पडला नाही. कोणाची धर्मनिष्ठा कोणत्या प्रकारची आहे, यावरूनही तो थांबेल की नाही हे सांगता येत नव्हते.

हा प्रयोग सहसा इथवरच सांगितला जातो आणि ‘बघा, माणूस असा असतो’ असे म्हणून विषय मिटवला जातो. संशोधकांनी शेवटी नोंदवलेली गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. न थांबलेल्यांपैकी अनेक जण भाषणाच्या ठिकाणी पोचले तेव्हा अस्वस्थ दिसत होते. त्यांच्या न थांबण्याचे स्पष्टीकरण निर्दयतेपेक्षा मनातल्या ओढाताणीत शोधावे, असे संशोधकांनी सुचवले आहे, कारण प्रयोगकर्ता त्यांच्यावर विसंबून होता आणि त्याला दिलेला शब्द पाळायलाच ते निघाले होते. चाळीस जणांच्या एका प्रयोगावर फार मोठा डोलारा उभारू नये हे खरे, पण विद्यापीठात मला रोज दिसते ते नेमके हेच आहे. सहकाऱ्याचा मसुदा बाजूला ठेवून प्राध्यापक बहुधा चैन करायला जात नाहीत. ते अंतर्गत गुण भरायला जातात, अनुदानाच्या प्रस्तावातला खर्चाचा तक्ता पुरा करायला जातात, परीक्षा विभागाला कबूल केलेली प्रश्नपत्रिका द्यायला जातात. प्रत्येक वेळी ते कोणाला तरी दिलेला शब्दच पाळत असतात. म्हणून ‘तुमच्यात शील उरले नाही’ हा ज्येष्ठांचा आरोप त्यांना अन्यायाचा वाटतो, आणि त्या क्षणापुरता तो अन्यायाचा असतोही.

आता मुदत असलेली आणि नसलेली कामे जरा शेजारी ठेवून पाहा. गुणपत्रके, वार्षिक अहवाल, स्वमूल्यमापनाचे प्रपत्र, प्रस्ताव, परिषदेचा गोषवारा, मानांकनासाठी मागवलेली माहिती या सर्वांना तारीख असते, ती चुकली तर कोणीतरी विचारते, आणि विचारणारा बहुधा वरच्या पदावरचा असतो. उलट स्वतःच्या विषयाबाहेरचे पुस्तक वाचणे, नव्याने आलेल्या सहकाऱ्याच्या तासाला मागे बसून नंतर त्याच्याशी बोलणे, उद्धृत केलेला मूळ लेख खरोखर उघडून पाहणे, आपल्याच जुन्या निष्कर्षाविषयी शंका आल्यावर आकडेमोड पुन्हा करून बघणे, बैठकीत सगळे ‘मान्य’ म्हणत असताना ‘मला हे पटत नाही’ असे म्हणून ते का पटत नाही हे सांगणे, यांपैकी कशालाच तारीख नसते. ही दुसरी यादी म्हणजेच प्रामाणिकपणा, धैर्य, नम्रता आणि आस्था यांचे रोजच्या व्यवहारातले रूप आहे. रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञाने १९४२ साली विज्ञानाची जी मूल्ये मांडली त्यांत ‘संघटित संशय’ हे एक होते. संशय संघटित राहायचा तर इतरांचे काम शंका घेत तपासण्यासाठी कोणीतरी बसावे लागते, आणि बसायला वेळ लागतो, हे साधे गृहीत त्यामागे होते.

हे जवळून पाहायचे असेल तर शोधनिबंधाच्या परीक्षणाचे उदाहरण घेऊ. समजा एका निबंधाच्या पद्धतीच्या भागात २१२ जणांची माहिती घेतल्याचे लिहिले आहे. पुढे दुसऱ्या तक्त्यात वयोगटांनुसार आकडे दिले आहेत, एकूण बेरीज दिलेली नाही. निवांत परीक्षक पेन्सिलीने बेरीज करतो आणि ती २०४ भरते. आठ जण कुठे गेले? त्यांनी मध्येच भाग घेणे सोडले, की त्यांची उत्तरे निष्कर्षाच्या आड येत होती? कदाचित उत्तर अगदी निरुपद्रवी असेल, पण प्रश्न विचारणे हेच परीक्षकाचे काम आहे. घाईतला परीक्षक हा तक्ता नजरेखालून घालतो आणि लिहितो, ‘भाषा सुधारावी, अलीकडील संदर्भांची भर घालावी, निष्कर्ष अधिक स्पष्ट करावेत.’ ही तीन वाक्ये जगातल्या कोणत्याही निबंधाला लागू पडतात. परीक्षण वेळेत जाते, संपादक आभार मानतात, लेखक नाइलाजाने पाच नवे संदर्भ चिकटवतो. कोणीही खोटे बोललेले नसते, कोणत्याही नियमाचा भंग झालेला नसतो, आणि तरीही जे काम व्हायला हवे होते ते झालेले नसते. याला आपल्याकडे पाट्या टाकणे म्हणतात, आणि वेळेच्या ताणाने विद्याव्यवसायाचे सर्वांत मोठे नुकसान याच वाटेने होते असे माझे मत आहे. उघड गैरप्रकार होतातच. फँग, स्टीन आणि कॅसाडेव्हॉल यांनी २०१२ साली जीवशास्त्र आणि वैद्यक क्षेत्रांतील मागे घेतलेल्या २,०४७ लेखांची तपासणी केली, तेव्हा ६७.४ टक्के लेख गैरवर्तनामुळे मागे घेतलेले आढळले. पण मागे घेतलेला लेख निदान सापडलेला तरी असतो. न केलेली बेरीज कोणालाच सापडत नाही.

दुसरे उदाहरण मूल्यमापनातले. एका प्रबंधिकेला एका परीक्षकाने ४८ गुण दिले, दुसऱ्याने ६२. इतका फरक पडला की दोघांनी एकत्र बसून चर्चा करावी अशी अपेक्षा असते. दोघांच्याही वेळापत्रकात एकच मोकळी वेळ सापडत नाही, निकालाची तारीख जवळ आलेली असते, म्हणून फोनवर ‘पंचावन्न करून टाकू’ असे ठरते. पंचावन्न हे कोणाचेच मत नसते. ते दोघे भेटले असते तर कदाचित पहिल्याने दुसऱ्याला तिसऱ्या प्रकरणातली उसनवारी दाखवली असती, किंवा दुसऱ्याने पहिल्याला सांगितले असते की तुम्हाला जे विस्कळीत वाटते ती या विषयाची नवी मांडणी आहे. दोघांपैकी एकाची समज त्या दिवशी वाढली असती. सहकारभाव म्हणजे गोड बोलणे, वाढदिवस लक्षात ठेवणे किंवा वाद टाळणे असा अर्थ कोणी घेत असेल तर तो मला मान्य नाही. एकमेकांच्या निर्णयांना एकमेकांच्या डोळ्यांखालून जाऊ देण्याची तयारी हा त्याचा गाभा आहे, आणि घाईत पहिला बळी त्याचाच जातो. सौजन्य पुष्कळदा टिकून राहते. घाईतले विभाग बाहेरून अगदी सलोख्याचे दिसतात, कारण भांडायलाही कोणाला वेळ नसतो.

सहकारभावाची दुसरी बाजू श्रमविभागणीची आहे. परीक्षण, शिफारसपत्रे, आजारी सहकाऱ्याचा तास घेणे, गोंधळलेल्या विद्यार्थ्याशी बोलणे, अभ्यासक्रमाच्या समितीचे कंटाळवाणे काम, ही सामाईक विहिरीतला गाळ काढण्यासारखी कामे आहेत: पाणी सर्वांना लागते, गाळ काढण्याची पाळी मात्र कोणाच्याच नावावर नसते. ताण वाढला की ही कामे थांबत नाहीत, ती ज्यांना नाही म्हणता येत नाही त्यांच्याकडे सरकतात. लिंडा बॅबकॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली पदोन्नतीला उपयोगी नसलेल्या कामांविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील प्रयोगांत स्त्री-पुरुषांच्या मिश्र गटात असे काम अंगावर घ्यायला स्त्रिया अधिक वेळा पुढे आल्या, आणि विनंती कोणाला करायची हे ठरवताना इतरांनीही स्त्रियांनाच अधिक विचारले. गट केवळ पुरुषांचा किंवा केवळ स्त्रियांचा असला तर पुढे येण्यातला हा फरक दिसत नव्हता. म्हणजे पुरुषांना ही कामे जमत नाहीत अशातला भाग नाही, दुसरे कोणी करेल अशी खात्री असली की ते थांबतात. पदोन्नती समितीत बसल्यावर याचे फळ दिसते. ज्यांनी विभाग चालवला त्यांच्या अर्जात प्रकाशनांचा रकाना लहान असतो, आणि ज्यांनी स्वतःचे दार बंद ठेवले त्यांचा मोठा. हे एकदा सर्वांच्या लक्षात आले की दारे बंद होऊ लागतात, आणि ती बंद करणाऱ्यांना दोष देणेही अवघड होते.

हा ताण येतो कुठून, यावर थोडक्यात. तासांची एकूण संख्या हे त्याचे एक कारण आहे, पण एकमेव नाही. लेस्ली पर्लो यांनी १९९९ साली सॉफ्टवेअर अभियंत्यांवरील आपल्या अभ्यासात वेळेच्या दुष्काळाची कल्पना मांडली. त्या अभियंत्यांचा दिवस सततच्या व्यत्ययांनी आणि आणीबाणीच्या वातावरणाने तुकड्या-तुकड्यांत फाटत होता, आणि दुष्काळाचे मूळ तिथे होते. प्राध्यापकाचा दिवस असाच असतो. दोन तासिकांमध्ये चाळीस मिनिटे, बैठकीपूर्वी पंचवीस मिनिटे असा मोकळा वेळ एकत्र केला तर पुष्कळ भरतो, पण त्यात प्रबंधाचे प्रकरण वाचून होत नाही, ई-मेलच होतात. त्यात पूर्वी कार्यालय करत असलेली अनेक कामे संगणकप्रणालीबरोबर अध्यापकाच्या टेबलावर आली. प्रवासखर्चाची बिले, हजेरीच्या नोंदी, तीच माहिती तीन वेगवेगळ्या नमुन्यांत भरणे, यांतले प्रत्येक काम ‘पाच मिनिटांचे’ म्हणूनच दाखल झाले. आणि मोजमापाची यंत्रणा. ब्रिटनमध्ये संशोधनाचे राष्ट्रीय मूल्यमापन १९८६ साली सुरू झाले, एच-निर्देशांक (संशोधकाचे किती लेख किती वेळा उद्धृत झाले हे एका अंकात सांगणारे माप) २००५ साली आला, आणि तेव्हापासून एका अंकात माणूस बसवण्याचा मोह जगभरच्या समित्यांना आवरलेला नाही. समित्यांनाही घाई असतेच. अर्जदाराचे दोन लेख वाचण्यापेक्षा अंक पाहणे सोपे जाते.

या चर्चेत भौतिकशास्त्रज्ञ पीटर हिग्ज यांचे नाव हटकून निघते. आजच्या व्यवस्थेत आपल्याला नोकरीच मिळाली नसती, पुरेसे उत्पादक मानले गेले नसते, असे त्यांनी २०१३ साली नोबेल पारितोषिक स्वीकारायला जाताना एका मुलाखतीत सांगितले होते. मला हा युक्तिवाद फारसा उपयोगी वाटत नाही. त्यातून असा समज होतो की निवांतपणा ही अलौकिक प्रतिभेसाठी राखून ठेवायची सवलत आहे. विद्यापीठ चालते ते बेरीज करून पाहणाऱ्या सामान्य माणसांवर, आणि त्यांना वेळ नसणे हे हिग्ज यांना वेळ नसण्याइतकेच घातक आहे.

आता ज्येष्ठांच्या म्हणण्यातला खरा भाग. सद्गुण कृतीच्या सवयीतून घडतात, हे ॲरिस्टॉटलचे म्हणणे या बाबतीत मला अक्षरशः खरे वाटते. पहिल्या वर्षी मसुदा न वाचता परत करताना माणूस ओशाळतो. तिसऱ्या वर्षी त्याला सबब तयार सापडते. पुढे त्या सबबीचे तत्त्वज्ञान होते: ‘आजकाल कोण कोणाचे वाचते’, ‘चर्चासत्रांतून काही निष्पन्न होत नाही’, ‘विद्यार्थ्यांना तरी कुठे रस आहे’. ही वाक्ये थकव्यातून जन्मलेली असली तरी मुक्काम ठोकतात ती स्वभावात. याची कसोटी म्हणजे दीर्घ रजा. अध्ययन रजेवर गेलेल्या सहकाऱ्यांकडे मी मुद्दाम लक्ष दिले आहे. काही जण महिन्याभरात पुन्हा वाचू लागतात, दुसऱ्याच्या कामाविषयी विचारपूस करू लागतात, न बोलावता चर्चासत्राला येतात. काही जण मात्र मिळालेला वेळ आणखी दोन निबंध आणि एका प्रस्तावाने भरून टाकतात, आणि रजेवरून अधिक चिडचिडे होऊन परततात. त्यांच्यापाशी वेळ होता, पण त्या वेळेचे काय करायचे हे शिकवणारी सवय मोडलेली होती. तेव्हा ‘कार्यभार हलका झाला की सगळे पूर्ववत होईल’ हे तुमच्या समवयस्कांचे आश्वासन फार विश्वासाने घेऊ नका.

मात्र ज्येष्ठ जेव्हा जुन्या काळाचे गोडवे गातात, तेव्हा त्यांना थोडे थांबवायला हवे. त्या काळचा निवांतपणा मूठभरांचा होता, आणि तो घरी पत्नीच्या, कार्यालयात टंकलेखकांच्या आणि प्रयोगशाळेत नाव न छापल्या जाणाऱ्या साहाय्यकांच्या श्रमांवर उभा होता. ज्या सहभोजनांच्या आणि गप्पांच्या कक्षांची आठवण काढली जाते, त्यांचे दरवाजे अनेकांना बंद होते. केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदवी द्यायला १९४८ साल उजाडावे लागले. शिवाय संथपणा म्हणजे काळजीपूर्वकता असे समीकरण नाही. मार्गदर्शकाच्या कपाटात वर्षभर पडून राहिलेली प्रकरणे आणि त्यापायी शिष्यवृत्तीची मुदत संपलेले विद्यार्थी जुन्या विद्यापीठातही होते. मुदत ही पुष्कळदा दुर्बलाच्या बाजूने असते. विद्यार्थ्याला आठ आठवड्यांत अभिप्राय मिळालाच पाहिजे असा नियम प्राध्यापकाला जाचक वाटला तरी विद्यार्थ्याला तो आधार असतो.

आणि ताणाचा काही भाग आपण स्वतः तयार करतो, हेही सांगितले पाहिजे. ‘श्वास घ्यायला फुरसत नाही’ हे वाक्य विद्यापीठात तक्रारीपेक्षा बढाई म्हणून अधिक वेळा उच्चारले जाते. रात्री साडेअकराला ई-मेल पाठवून सकाळी साडेआठला ‘पाहिलेत का’ असे विचारणारे वरिष्ठ बहुधा कोणत्याही नियमाचे पालन करत नसतात, आपल्या अस्वस्थतेचा भार दुसऱ्यावर टाकत असतात.

उपायांकडे येताना आधी एक धोका सांगते. सहकारभाव कमी होतो आहे असे दिसले की प्रशासनाला तो मूल्यमापनाच्या प्रपत्रात घालावासा वाटतो. हे करू नये. अमेरिकेतील विद्यापीठीय प्राध्यापकांच्या संघटनेने १९९९ साली याविरुद्ध स्पष्ट भूमिका घेतली: सहकारभाव हा अध्यापन, संशोधन आणि सेवा यांच्या जोडीने वेगळा निकष केला तर तो मतभेद दडपण्याचे साधन होतो. माझा अनुभव याला दुजोरा देतो. बैठकीत अडचणीचा प्रश्न विचारणाऱ्या व्यक्तीविषयी ‘मिळून-मिसळून वागत नाही’ असा शेरा लिहिणे फार सोपे असते. तसेच केलेल्या मदतीचा प्रत्येक तास नोंदवायला लावला तर मदतीला मुदत आणि रकाना मिळतो, पण भरायला आणखी एक प्रपत्रही मिळते.

मोजण्याची पद्धत बदलण्याचे प्रयत्न मात्र मला मोलाचे वाटतात. २०१२ साली सॅन फ्रान्सिस्को येथे आकारास आलेल्या जाहीरनाम्याने नियतकालिकाच्या प्रभाव-निर्देशांकावरून, म्हणजे त्यातील लेख सरासरी किती वेळा उद्धृत होतात यावरून, व्यक्तीचे मूल्य ठरवू नये असे सांगितले. बेल्जियममधील गेंट विद्यापीठाने २०१८ साली प्राध्यापकांच्या मूल्यमापनातील अंकांचे वजन कमी करून ते पाच वर्षांच्या टप्प्याने करण्याचे ठरवले. यांहून कमी बोलला जाणारा आणि मला अधिक विचारपूर्वक वाटणारा बदल ब्रिटनमधला आहे. २०१४ च्या राष्ट्रीय मूल्यमापनात समाविष्ट होणाऱ्या प्रत्येकाकडून साधारणपणे चार शोधकामे अपेक्षित होती. २०२१ च्या फेरीत व्यक्तीसाठी किमान एक आणि कमाल पाच अशी मर्यादा ठेवून, पूर्णवेळ पदामागे अडीच ही सरासरी संपूर्ण विभागाने मिळून गाठायची असे झाले. त्या मूल्यमापनाविषयी माझे बरेच आक्षेप आहेत, पण उत्तरदायित्व व्यक्तीवरून विभागावर नेले की एखाद्याला काही वर्षे संथ चालण्याची मुभा देता येते, आणि ती मुभा देणे हे सहकाऱ्यांचे सामूहिक कृत्य ठरते. हे तत्त्व कोणत्याही विभागाला स्वतःपुरते वापरता येईल.

विभागाच्या पातळीवर मला सर्वांत परिणामकारक वाटलेली गोष्ट साधी आहे: आठवड्यातला एक अर्धा दिवस असा ठेवायचा, की त्या वेळी विभागातल्या कोणाचाही तास नसेल आणि कोणतीही बैठक नसेल. सर्वांचा अर्धा दिवस एकच असणे हे त्यातले मर्म आहे. प्रत्येकाला वेगवेगळ्या दिवशी दुप्पट मोकळीक दिली तरी ४८ आणि ६२ गुण देणारे परीक्षक भेटत नाहीत. आमच्या विभागात हे सुरू केले तेव्हा पहिले काही आठवडे जो तो आपली थकबाकी घेऊन बसला, आणि तेही ठीकच झाले. नंतर त्या वेळेतला एक तास कोणाच्या तरी अपूर्ण मसुद्यासाठी ठेवला. मसुदा आधी वाचून यायचे नाही, पहिली वीस मिनिटे सर्वांनी तिथेच बसून वाचायचा, मग बोलायचे. ‘वाचायला वेळ झाला नाही’ ही सबब त्यामुळे निघून गेली. मसुदा अपूर्णच हवा अशी अटही होती. पूर्ण झालेल्या लेखावर लोक एकतर स्तुती करतात किंवा हल्ला.

व्यक्तीच्या पातळीवर, तुम्ही ज्या कामांविषयी लिहिले आहे त्यांना तुम्हीच छोटी मुदत द्या. सहकाऱ्याला ‘वाचतो’ असे मोघम सांगण्याऐवजी ‘गुरुवारपर्यंत पहिली सहा पाने वाचतो, त्यापुढचे जमणार नाही’ असे सांगा. सहा पाने खरोखर वाचून मिळालेला अभिप्राय चाळीस पाने चाळून दिलेल्या अभिप्रायापेक्षा केव्हाही उपयोगी असतो. परीक्षणांचा हिशेब मी असा ठेवते: माझ्या प्रत्येक निबंधासाठी दोन-तीन परीक्षकांनी वेळ दिलेला असतो, तेव्हा मीही प्रत्येक निबंधामागे दोन-तीन परीक्षणे देणे लागते, आणि सहलेखक असतील तर ते देणे आम्ही वाटून घेतो. त्यापलीकडच्या विनंत्यांना दोन दिवसांत नकार कळवते. लवकर दिलेला नकार हीसुद्धा संपादकाला केलेली मदतच आहे, तीन आठवडे मौन पाळून दिलेला होकार मात्र नाही. चर्चासत्राला जायचे तर लॅपटॉप न घेता जा, नाहीतर जाऊच नका. मागच्या बाकावरची हजेरी वक्त्याच्या लक्षात येते, आणि तुमच्या विद्यार्थ्यांच्याही. दारातल्या विद्यार्थ्याला पाच मिनिटे पुरणार नसतील तर तिथल्या तिथे वेळ ठरवून द्या, ‘नंतर ये’ म्हणू नका, कारण बहुतेक जण नंतर येत नाहीत.

नाही कशाला म्हणायचे, हेही ठरवावे लागेल, आणि ते विभागप्रमुखांशी उघडपणे बोलून ठरवावे. गुपचूप टाळलेले काम शेजारच्या खोलीत जाऊन पडते. माझा क्रम असा असतो: ज्या कामाचा उपयोग कोणाला सांगता येत नाही अशा अहवालांवर सर्वांत कमी कष्ट, स्वतःच्या प्रकाशनांची संख्या त्यानंतर आटोक्यात, आणि विद्यार्थ्याचे लेखन वाचणे सर्वांत शेवटी कमी करायचे. यातल्या दुसऱ्या गोष्टीची किंमत मोजावी लागते, आणि ती कायम पदावरच्या माणसालाच परवडते. तासिकांवर किंवा वर्षाच्या करारावर काम करणाऱ्या सहकाऱ्यांना हा सल्ला देऊ नका. त्यांना बैठकीचे, मसुदा वाचल्याचे, विद्यार्थ्यापाशी थांबल्याचे वेतन मिळत नाही आणि पुढचा करार प्रकाशनांवर ठरतो. त्यांच्याकडून सहकारभावाची अपेक्षा करण्यापूर्वी विभागाने त्यांच्या करारात त्या कामाचे तास घालून घ्यावेत. तुमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांचा शब्द विद्यापीठात चालत असेल, तर शीलाविषयीची त्यांची कळकळ या मागणीसाठी वापरता येईल.